मय्यतीच्या फुलांना भावफलक हवा

भाव करणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. कापडाच्या दुकानात आलेली बाई ठाण उलगडून पाहते, पोत चोळून पाहते, शेजारच्या दुकानाचा दर सांगते आणि मगच पैसे काढते. आम्ही व्यापारीही त्याला सरावलेले असतो. परंतु एक सौदा असा आहे की ज्यात गिऱ्हाईक तोंड उघडत नाही. घरात मय्यत असते, नातेवाईक वाटेवर असतात, जनाजा किती वाजता उचलायचा ते ठरलेले असते, आणि मोहल्ल्यातील एखादा मुलगा फुलांसाठी धावत सुटतो. फुलवाला जो आकडा सांगेल तो दिला जातो. मुंबईत हा सौदा रोज होतो आणि सर्व जमातींत होतो. त्याच्याकडे व्यापार म्हणून मात्र कोणी पाहत नाही. म्हणून हा लेख.

मय्यतीवर फुले टाकावीत की नाही याबद्दल आपल्यात दोन मते आहेत. तो मसला उलेमांनी सांगावा. मी कापडवाला आहे. माझा प्रश्न तराजूचा आहे. जे फुले घेतात त्यांना ती योग्य भावात आणि वेळेवर मिळतात काय, एवढेच मी पाहतो.

प्रथम हा धंदा कसा चालतो ते पाहू. दादर पश्चिमेचा फूलबाजार पहाटेच भरतो. झेंडू व शेवंती पुणे, सातारा बाजूने येते, गुलाब तळेगाव-मावळच्या हरितगृहांतून येतो, मोगरा व चाफा वसई-विरार आणि पालघरकडून पहाटेच्या गाड्यांनी उतरतो. तेथून छोटे फुलवाले माल उचलतात आणि भुलेश्वरच्या फूल गल्लीपासून थेट उपनगरांतील मशीद, मंदिर, चर्च व कब्रस्तानाच्या नाक्यांपर्यंत नेतात. मुसलमानाच्या जनाज्यासाठी गुलाब-मोगऱ्याची चादर गुंफली जाते, हिंदूंच्या अंत्ययात्रेसाठी झेंडू-निशिगंधाचे हार लागतात, ख्रिस्ती बांधवांना पुष्पचक्र लागते. माल एकच, घडण वेगळी.

यात सर्वांत मोठी गोष्ट वेळ. आपल्याकडे दफन लांबवीत नाहीत. सकाळी इंतकाल झाला तर जोहर किंवा असरच्या नमाजनंतर माती दिली जाते. म्हणजे फुलवाल्याच्या हाती चार-सहा तास असतात. हिंदूंकडेही बहुधा त्याच दिवशी आटोपतात. ख्रिस्ती घरांत पुष्कळदा एक-दोन दिवस मिळतात, त्यामुळे पुष्पचक्र सांगून करता येते. जाणता फुलवाला हे सर्व ध्यानात ठेवतो. पहाटे तोडलेली मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. तेव्हा मगरीबनंतरच्या दफनासाठी कळी आणि दुपारच्या दफनासाठी उघडलेला गुलाब, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही. चादर ओल्या फडक्यात गुंडाळून नेली तर टवटवीत पोचते. टेम्पोत उघडी टाकली तर पाकळ्या वाटेतच झडतात.

दुसरी गोष्ट पत्ता. मुंबईत एका नावाच्या चार-चार वस्त्या आहेत, आणि कब्रस्ताने मरीन लाइन्स, नारियलवाडी, ओशिवरा, देवनार अशी दूरवर पसरली आहेत. इस्पितळातून मय्यत ताब्यात मिळायला उशीर झाला तर वेळ बदलते आणि कधी ठिकाणही बदलते. फुले घरी पोचतात तेव्हा जनाजा निघून गेलेला असतो. दिवाणखान्याचे पडदे एक दिवस उशिरा दिले तर गिऱ्हाईक रागावते आणि दुसऱ्या दिवशी घेते. येथे दुसरा दिवस नसतो.

आता भावाकडे येतो. कफनाचा लट्ठा घ्या. पुरुषाला तीन वस्त्रे, स्त्रीला पाच, हे सर्वांना ठाऊक आहे. किती मीटर लागेल ते मोजता येते, आणि दर चार दुकानांत विचारता येतो. त्यामुळे कफनाच्या कापडात लबाडी करणे कठीण जाते. फुलांच्या चादरीला ना मीटर ना किलो. ती नजरेने मोजली जाते, आणि दुःखात असलेल्या माणसाची नजर ठिकाणावर नसते.

एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा एका चादरीला तीन किलो फुले लागली आणि त्या सकाळी घाऊक दर किलोला 100 रुपये होता, तर फुलांचे 300 झाले. दोरा व गुंफणाऱ्याची मजुरी 200, सुकून वाया जाणाऱ्या मालाचे 100, जागेचे भाडे आणि नफा मिळून 200. एकूण 800 रुपये. हा रास्त भाव झाला. आता तीच चादर एका दाराला 800 ला आणि दुसऱ्या दाराला 2000 ला गेली, तर वरचे 1200 फुलांचे नाहीत. ते त्या घरच्या अश्रूंवर लावलेले आहेत. 2017 च्या जीएसटी कायद्याने दफन, दहन व शववाहतुकीच्या सेवा कराबाहेर ठेवल्या. ताज्या फुलांवरही कर नाही. जो कर सरकार घेत नाही तो दुकानदाराने का वसूल करावा?

फुलवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचा माल आमच्या ठाणासारखा पुढच्या हंगामासाठी ठेवता येत नाही. रात्री दोन वाजता दार ठोठावले तर त्याला उठावे लागते. दसरा-दिवाळीला झेंडू आणि फेब्रुवारीत गुलाब घाऊक बाजारातच महाग होतो, त्याला तो काय करणार? हे सर्व खरे आहे. म्हणूनच माझे म्हणणे स्वस्त विका असे नाही, उघड विका असे आहे. रात्रीची मजुरी जरूर घ्या, पण ती फुलांच्या भावात न लपवता वेगळी सांगा.

काही जण म्हणतील, चार फुलांचा एवढा बाऊ कशाला? त्यांनी 2020 साल आठवावे. मार्चअखेर टाळेबंदी लागली, अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा आली, फुलांचा बाजार ठप्प झाला. कित्येक माणसे एका पाकळीशिवाय मातीआड गेली. घरच्यांना त्याची हळहळ वाटली, पण फुलांवाचून अडले नाही, हेही लोकांनी पाहिले. कफन लागतेच, फुले हौसेने घेतली जातात. जिवंत माणसाच्या मायेवर चालणारा हा धंदा आहे. ही माया लुटली जाते असे एकदा मनात बसले की गिऱ्हाईक परत येत नाही, आणि चादर गुंफणाऱ्या कारागिराची रोजी जाते.

यावर उपाय साधे आहेत. दुकानात एक फळा लावावा. त्यावर लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या चादरींची लांबी, फुलांचे अंदाजे वजन आणि त्या दिवसाचा भाव खडूने लिहावा. रात्रीची मजुरी व पोचवण्याचे भाडे खाली वेगळे असावे. मागणी घेताना चिठ्ठीवर ठिकाण, वेळ आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहावा, आणि माल निघण्यापूर्वी एकदा फोन करून वेळ पक्की करावी. वेळेवर न पोचल्यास पैसे परत, हेही फळ्यावरच लिहावे. पुष्पचक्रात थर्माकोल व प्लॅस्टिकऐवजी बांबू आणि गवत वापरावे. फुले मातीत मिसळतात, थर्माकोल तसाच राहतो.

मोहल्ल्याच्या जमातींनी आणि कब्रस्तानांच्या विश्वस्तांनीही पुढे यावे. ज्या फुलवाल्याच्या दुकानी फळा आहे त्याचेच नाव मशिदीच्या सूचनाफलकावर लावावे. असे झाले तर बाकीच्यांना फळा लावण्यासाठी वेगळे सांगावे लागणार नाही. आपल्या तरुणांनाही यात रोजगार आहे. एक मोटारसायकल, पहाटे उठण्याची सवय आणि शहराची माहिती एवढ्यावर हा धंदा सुरू होऊ शकतो. पेढी मोठी लागत नाही, पत मोठी लागते.

माप कमी करणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूर आहे, अल-मुतफ्फिफीन. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाने तिचे नाव ऐकलेले असते. आपण ते तराजूपुरते समजतो. परंतु जेथे तराजूच नाही आणि गिऱ्हाईक मान खाली घालून उभे आहे, तेथे माप पूर्ण देण्याची जबाबदारी एकट्या दुकानदारावर येते. खडूने लिहिलेला एक फळा त्याचा हा भार पुष्कळ हलका करील.