आधी फ्रीझर बघा, मग साप

ते रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. काचेची पेटी, आत वेटोळं घालून बसलेला बॉल पायथन आणि कोपऱ्यात सोडलेला जिवंत पांढरा उंदीर. मागे ढॅणढॅण म्युझिक. काही सेकंदांत झडप, आणि खाली कमेंट्स : ‘भावा, किंग आहे तुझा साप!’

स्पष्टच सांगते, यात किंगबिंग काही नसतं. कोंडलेल्या उंदराला पळायला जागा नसते. पण सापाला त्या दिवशी भूक नसेल, तर जागा त्यालाही नसते. मग घाबरलेला उंदीर सापालाच चावतो. रात्रभर जिवंत उंदरासोबत ठेवलेल्या सापाची पाठ कुरतडली जाते, कधी डोळाही जातो. ते रील मात्र कुणी टाकत नाही.

‘पण जंगलात तर जिवंतच खातो ना?’ हो, जंगलात खातो. तिथे उंदराला बीळ असतं, सापाला दुसरीकडे जाता येतं. तुमच्या दोन-तीन फुटी पेटीत जंगल कुठून आलं? शिवाय प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ जरूर वाचा. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं हा तिथे गुन्हा आहे. लाइक्ससाठी शूट केलेल्या व्हिडिओला करमणूक नाही तर काय म्हणायचं?

मग खायला काय द्यायचं? आधीच मारून गोठवलेला उंदीर. परदेशात साप पाळणारे बहुतेक जण हेच करतात. उंदीर दोन्हीकडे मरतोच, हे मी लपवत नाही. पण पेटीत थरथरत मरणं आणि त्याआधीच झटपट, कमी वेदनेत मरणं यात फरक आहे, आणि तो आपल्या हातात आहे.

यात खरं काम फ्रीझरमधून उंदीर बाहेर काढल्यावर सुरू होतं. आदल्या रात्री तो बंद पिशवीसकट फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायचा. लहान उंदीर रात्रीत मऊ होतो, मोठ्या घुशीएवढ्याला पूर्ण दिवसही लागतो. ओट्यावर उघडा ठेवून ‘होईल आपोआप’ म्हणायचं नाही. मे महिन्यातल्या पुण्या-नागपुरात तो आतून सुटेपर्यंत बाहेरून सडायला लागलेला असतो. मायक्रोवेव्ह तर नाहीच. एकीकडे शिजतो, दुसरीकडे बर्फ राहतो, आणि फुटला तर पुढचे आठ दिवस घरात तुमचं काय होईल ते मी लिहायला नको. पूर्ण मऊ झाला की देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं ती बंद पिशवी गरम पाण्यात बुडवायची. पाणी उकळतं नको, आंघोळीचं असतं तेवढं पुरे. पोट दाबून बघायचं. आत गार गोळा लागला तर पुन्हा पाण्यात. बॉल पायथनच्या ओठांजवळ उष्णता ओळखणारे खड्डे असतात, त्यामुळे गार उंदीर त्याला ‘जेवण’ वाटतच नाही. ‘माझा साप मेलेलं खात नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कितींनी तो नीट गरम करून बघितला असेल, मला शंका आहे.

द्यायचा तो लांब चिमट्याने, संध्याकाळी, दिवे मंद करून. किंचित हलवायचा. जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, त्याहून मोठा नको. नाही खाल्ला तर सकाळी फेकून द्यायचा. परत फ्रीझरमध्ये टाकायचा नाही. रात्री लाइट जाऊन सगळा साठा वितळला तरी नियम तोच, पैसे गेले तर गेले. धडधाकट मोठा बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो, त्यामुळे एका नकारावर घाबरून जिवंत उंदीर आणायला पळू नका. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, मैत्रिणीला दाखवायलाही नाही. पेटीत ऊब नसेल तर गिळलेलं पचत नाही, बाहेर येतं. आणि फुकट मिळतो म्हणून सोसायटीतला उंदीर पकडून अजिबात द्यायचा नाही. त्याने कुठलं विष खाल्लंय तुम्हाला माहीत नसतं. पावसाळ्यातला लेप्टो मुंबईकरांना वेगळा सांगायला नको.

आता फ्रीझर. तो बहुधा आईचा असतो, किंवा चार रूममेट्सचा. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत सापांच्या खाद्याच्या गोठवलेल्या उंदरांमुळे अनेक राज्यांत माणसं आजारी पडली होती. म्हणून मटारच्या पिशवीशेजारी उंदीर, हा प्रकार नको. छोटा वेगळा फ्रीझर सर्वांत बरा. उंदराची बादली, चिमटा, पिशव्या सगळं वेगळं. धुवायचं तेही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, आणि नंतर साबणाने हात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साप आणूच नये, असं माझं मत आहे. अमेरिकेतली आरोग्य यंत्रणाही हेच सांगते.

नाग, धामण, आपला अजगर यांचा तर प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी आता ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. पण कागद झाला म्हणजे तयारी झाली असं नाही. नागपंचमीला नागाला दूध पाजणाऱ्यांना आपण हसतो. साप दूध पीत नाही, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण तो काय खातो, ते कुठून येणार, हे न विचारता पिल्लू बुक करणारे आपल्यातच आहेत.

गोठवलेला उंदीर आपल्याकडे प्रत्येक पेट शॉपमध्ये मिळतोच असं नाही. म्हणून सापाची किंमत विचारण्याआधी त्याच्या खाण्याची विचारा. हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो. तुमचं कॉलेज तीन-चार वर्षांत संपेल, मग नोकरी बेंगळुरूला, नाहीतर एमएस. तेव्हा दर आठ-पंधरा दिवसांनी पिशवी गरम पाण्यात बुडवून, पोट दाबून बघायचं काम घरात कोण करणार? आज रात्री जेवताना आईबाबांना एवढंच विचारा, आणि त्यांचं उत्तर नाही असेल तर ते मान्य करा.