आधी कान, मग जीभ

परवा एक जुना विद्यार्थी पुण्याहून कुरुंद्याला आला होता. म्हणाला, "सर, दहावीला इंग्रजीत चांगले मार्क पडले. पण कंपनीत साहेब फोनवर बोलायला लागले की मी नुसतं यस सर, यस सर करतो. लिहून दिलं की कळतं, कानावर पडलं की काहीच नाही."

तो तक्रार करत नव्हता. पण मला झोंबलं, कारण त्याला शिकवलं मीच. खडू, फळा, स्पेलिंग, भाषांतर. माझ्या वर्गात इंग्रजी दिसायची, ऐकू यायची नाही.

२००० साली राज्यात इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाली. त्याने काय साधलं? जे न ऐकता पाचवीपासून शिकायचे, ते न ऐकता पहिलीपासून शिकू लागले.

बोर्डाचंही तेच. २०१९च्या दहावीला भाषांचे तोंडीचे २० गुण नव्हते. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. ओरड टक्क्यांसाठी होती. पोरांना ऐकून कळतं का, हे कितीजणांनी विचारलं?

बोललेली भाषा छापल्यासारखी नसते. शब्द एकमेकांत मिसळतात. आपण "काय करायला लागलास" म्हणतो का? "काय करायलास" म्हणतो. पुस्तकावर मराठी शिकलेला माणूस वसमतच्या स्टँडवर उभा केला तर तोही गोंधळेल. तो ढ नाही, त्याच्या कानाला सवय नाही. आणि आमच्याकडे तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी बोलतं, पण खेळताना, बाजारात मराठी ऐकून ऐकून आमच्या पोरांशी मराठीत भांडतं. त्याला व्याकरण कोणी शिकवलं?

लोक म्हणतात, आता मोबाईल आहे, हवं तेवढं ऐका. अहो, दिवसभर कानाशी गलका असणं म्हणजे ऐकणं नव्हे. दोन मिनिटांचा तुकडा घ्या. पुस्तक मिटून तीनदा ऐका. काय कळलं ते मराठीत सांगा. मग छापील मजकूर बघा आणि कुठे चुकलो ते शोधून पुन्हा ऐका. याला ना अनुदान लागतं, ना जीआर.

त्या पोराला मी हेच सांगितलं. पण हे त्याला तिशीत सांगावं लागलं, वर्गात नाही. आज वर्गावर असलेल्या गुरुजींनो, बाईंनो, रोज दहा मिनिटं पुस्तक मिटा. माझी चूक तुम्ही करू नका.