काडतुसांची टंचाई, कामगारांना नारळ

२०२० साली अमेरिकेतील शस्त्रांच्या दुकानांत काडतुसांच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या. कोरोनाची महासाथ, शहराशहरांतून उसळलेल्या दंगली आणि तोंडावर आलेली अध्यक्षीय निवडणूक यांमुळे सामान्य माणूस धास्तावला आणि बंदुकीच्या दुकानाकडे धावला. त्या एका वर्षात शस्त्रखरेदीसाठी लागणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेला. आजवरचा तो उच्चांक होता. एका गिऱ्हाइकाला एक किंवा दोनच खोकी, अशा पाट्या दुकानांत लागल्या. आणि याच वर्षी, जुलै महिन्यात, बंदुका व काडतुसे बनविणाऱ्या 'रेमिंग्टन' या अमेरिकेतील अत्यंत जुन्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील तिच्या बंदूक कारखान्यातील सुमारे ५८५ कामगारांना नारळ मिळाला. आर्कान्सा राज्यातील लोनोक येथे तिचा काडतुसांचा कारखाना होता. गिऱ्हाईक गोळीसाठी दारोदार फिरत असताना तो कारखाना क्षमतेपेक्षा कितीतरी कमी चालत होता, आणि कामगार घरी बसून होते.

मागणी वाढली की उत्पादन वाढते आणि उत्पादन वाढले की हातांना काम मिळते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. मग लोनोकमध्ये तो कोठे चुकला?

१८१६ साली एलिफॅलेट रेमिंग्टन नावाच्या तरुणाने सुरू केलेला हा धंदा शंभराहून अधिक वर्षे, चढउतार सोसत का होईना, बंदुका आणि काडतुसे करणाऱ्यांच्याच हाती होता. १९३३ पासून साठ वर्षे तो ड्युपाँ या रसायन उद्योगाकडे होता. स्फोटके हाच ज्या घराण्याचा मूळ व्यवसाय, त्याला दारूगोळा काय असतो हे सांगावे लागत नव्हते. १९९३ नंतर मात्र मालकी गुंतवणूक संस्थांकडे गेली. कंपनी घ्यायची, तिच्याच नावावर कर्ज काढायचे आणि योग्य वेळ येताच तिला विकून मोकळे व्हायचे, ही या मंडळींची रीत. २००७ साली सर्बेरस नावाच्या संस्थेने ३७ कोटी डॉलरना रेमिंग्टन घेतली. त्यांतील सुमारे २५ कोटी म्हणजे कंपनीवर आधीच असलेले कर्ज होते. पुढे ते कर्ज फिटण्याऐवजी वाढतच गेले. २०१८ मध्ये पहिली दिवाळखोरी झाली, तेव्हा सुमारे ७० कोटी डॉलरचे कर्ज कमी करून घेण्याची योजना मांडली गेली. दोन वर्षांनी पुन्हा तीच पाळी. मागणीचा पूर आला तेव्हा तांबे, शिसे आणि दारू उधारीवर देण्यास कोणी राजी नव्हते. यंत्रे होती, माणसे होती, गिऱ्हाईक दारात उभे होते, पण पत उरली नव्हती.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते केवळ रेमिंग्टनपुरते नाही. काडतुसाची ही मागणी गरजेपेक्षा भयातून येते. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूक येथील शाळेत निष्पाप बालकांचे हत्याकांड घडले आणि आता शस्त्रांवर निर्बंध येणार या भीतीने २०१३ मध्ये अशीच झुंबड उडाली. २०१६ साली ट्रम्प निवडून आले, निर्बंधांची भीती सरली आणि धंदा झपाट्याने बसला. तेव्हाही कामगारकपात झालीच. मालकाला हे चक्र ठाऊक असते. त्यामुळे आज फळी रिकामी दिसली म्हणून तो नवी यंत्रे बसवीत नाही. काडतुसाच्या बुडाशी जी इवलीशी ठिणगी पाडणारी टोपी असते, जिला प्रायमर म्हणतात, ती तयार करणे हे काडतुसातील सर्वांत नाजूक आणि धोक्याचे काम. एवढ्या मोठ्या अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर बनविणारी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिचे नवे केंद्र उभारण्यास वर्षे लागतात आणि भीतीची लाट तर काही महिन्यांत ओसरते. म्हणजे मंदीत कामगार जातो, आणि तेजीत यंत्र येत नाही. दोन्ही वेळा हिशेब चोख असतो!

लोनोकचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. व्हिस्टा आउटडोअर या प्रतिस्पर्धी कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलर मोजून तो कारखाना आणि रेमिंग्टनचे नाव घेतले. घरी बसविलेल्यांना परत बोलाविले, नवी भरती केली आणि यंत्रे पुन्हा धडधडू लागली. यंत्रे तीच होती, हातही बव्हंशी तेच होते. २०२४ मध्ये व्हिस्टाने आपला सारा काडतूस व्यवसाय चेकोस्लोव्हाक ग्रुप या युरोपीय उद्योगसमूहाला विकला. इलियनचा जुना कारखाना त्याच वर्षी कायमचा बंद झाला. ज्या गावाची ओळखच दोनशे वर्षे त्या कारखान्याने घडविली, त्या गावाला या व्यवहारांत कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

यावर कोणी म्हणेल की अमेरिकेतील शौकिनांना गोळ्या मिळोत वा न मिळोत, आपल्याला त्याचे काय? शौकिनांचे दुःख मलाही नाही. पण भांडवलशाहीची पंढरी मानल्या जाणाऱ्या त्या देशाने आपल्या सैन्याची गोळी मात्र अशा बाजारावर सोडलेली नाही, इकडे लक्ष वेधायचे आहे. मिसुरी राज्यातील लेक सिटी येथील काडतुसांचा प्रचंड कारखाना १९४१ पासून सरकारच्या मालकीचा आहे. तो चालविण्याचे कंत्राट खासगी कंपनीला दिले जाते, कंत्राटदार बदलतातही, पण जमीन, इमारती आणि कारखाना राष्ट्राचा राहतो. तोफगोळे बनविणारा स्क्रॅन्टनचा कारखानाही तसाच. तरीसुद्धा २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांचे अमेरिकेचे उत्पादन महिन्याला सुमारे १४ हजारांवरच होते. युरोपने वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचे वचन दिले आणि ते मुदतीत पाळता आले नाही. शांततेच्या काळात मोडलेली घडी युद्ध सुरू झाल्यावर बसत नाही.

आपल्याला तर हे शिकण्यासाठी परदेशात जाण्याचेही कारण नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी दारूगोळ्याची किती ओढाताण झाली, हे देशाने पाहिले आहे. 'कॅग'च्या २०१७ च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा घनघोर युद्धात दहा दिवसही पुरणारा नव्हता. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार सैन्याला मिळाले, खासगी उद्योगांना दार उघडले. नागपूरच्या एका खासगी कारखान्याने २०२१ पासून सैन्याला हातगोळे पुरविण्यास प्रारंभ केला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. खासगी उद्योजक म्हणजे देशद्रोही, हा साम्यवादी पोथीतील सिद्धांत आपण कधीच मानला नाही.

पण सरकारी आयुधनिर्माणींचे काय? १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुने आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्या राष्ट्रार्पण केल्या गेल्या विजयादशमीला, शस्त्रपूजनाच्या दिवशी. दारूगोळ्याची कंपनी 'म्युनिशन्स इंडिया' पुण्याला आली. तिच्या बारा कारखान्यांपैकी सहा महाराष्ट्रात आहेत : खडकीतील दोन, देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि चांदा. जुन्या मंडळाच्या कारभारात दिरंगाई होती, दर्जाच्या तक्रारी होत्या, 'कॅग'ने त्यावरही कोरडे ओढले होते. नव्या कंपनीला परदेशांतून मागणी येते आहे, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघाने या निर्णयास विरोध केला. डाव्या आणि काँग्रेसी महासंघांच्या खांद्याला खांदा लावून २०१९ साली संपही केला. २०२१ मध्ये संपबंदीचा, वर्षभराच्या मुदतीचा का होईना, कायदा आला, त्यालाही विरोध केला. सरकार आपले, संघटनाही आपली, मग कोणाचे ऐकायचे, असा संकोच त्या वेळी अनेकांच्या मनात होता. दत्तोपंत ठेंगडींनी घालून दिलेली राष्ट्रहित, उद्योगहित आणि श्रमिकहित ही त्रिसूत्री ज्याला ठाऊक आहे, त्याने असा संकोच का बाळगावा? दत्तोपंतांनी आपल्याच सरकारच्या आर्थिक धोरणावर जाहीर टीका करताना शब्द गिळले नव्हते.

जुन्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती बदलणार नाहीत, हे सरकारचे आश्वासन आहे. पण ते निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांचे काय? भंडारा, चांदा, देहूरोड येथे स्फोटक विभागांतील कामासाठी याच कारखान्यांत शिकाऊ म्हणून तयार झालेल्या तरुणांना मुदतीच्या करारावर घेण्याच्या जाहिराती निघाल्या आहेत. आधी एक वर्ष, मग गरजेप्रमाणे वाढ. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचे प्राण गेले. त्या कामात हाताला वळण लागण्यासच काही वर्षे जातात. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त गडावरील दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, मग पुन्हा मोहोर करून ठेवावी, असे बजाविले आहे. लढाई नसतानाही त्या कामावर माणूस नेमलेला असे, आणि तो गडाचा माणूस असे.

कंपनी म्हटली की ताळेबंद आला. आज मागणी आहे म्हणून ताळेबंद हसरा आहे. ज्या वर्षी सैन्याची मागणी घटेल, त्या वर्षी मुदत संपलेल्या तरुणाला थांबवून ठेवण्याचे कारण संचालक मंडळाला सापडेल काय? लोनोकच्या मालकांना सापडले नव्हते. संरक्षण मंत्रालयाने काडतूस व स्फोटकांच्या प्रत्येक कारखान्याला दरवर्षी किमान किती काम दिले जाईल हे पाच वर्षांसाठी लेखी ठरवावे, धोक्याच्या विभागांतील जागा कायमस्वरूपी भराव्यात, आणि त्याआधी प्रतिरक्षा मजदूर संघासह तिन्ही महासंघांना चर्चेला बोलवावे.