पिस्तुलाचा तक्ता आणि चापावरचे बोट

पोलिसांसाठी पिस्तुले घ्यायचे ठरले की आपल्या कार्यालयांत प्रथम एक तुलनात्मक तक्ता तयार होतो. डावीकडे वैशिष्ट्ये, वर कंपन्यांची नावे आणि चौकटींत बरोबरच्या खुणा. मॅगझिनमध्ये गोळ्या किती, अंधारात चमकणारी माशी आहे काय, दिवा बसवण्याची पट्टी आहे काय? खुणा भरल्या की त्यांतले सर्वांत स्वस्त ते आपले! अशा बैठकांना मी अनेकदा बसलो आहे. ही पद्धत अशास्त्रीय, किंबहुना घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिस्तूल म्हणजे सुट्या सोयींची बेरीज नव्हे. ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले आपले ९ मि.मी. १ए पिस्तूल हे १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरचे वंशज. त्यात १३ गोळ्या मावतात आणि त्याला हाताने लावायचा सुरक्षा-खटका आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२च्या सुमारास स्वीकारलेल्या ग्लॉक १७ मध्ये १७ गोळ्या मावतात, पण असा खटकाच नाही. त्याच्या तीनही सुरक्षा-योजना चाप ओढताच आपोआप सुटतात. तक्त्यात एकापुढे ‘आहे’ आणि दुसऱ्यापुढे ‘नाही’ लिहून काय कळले? पहिल्यावर हात बसलेल्या हवालदाराला दुसरे देताना, बोट चापाबाहेर ठेवण्याची सवय त्याला कोणी लावायची? या प्रश्नासाठी तक्त्यात रकाना नसतो.

सुधारणांचीही तीच कथा. आपोआप गोळी सुटू नये म्हणून न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉक पिस्तुलांना सुमारे १२ पौंडांचा जड चाप बसवून घेतला. कारखान्याचा नेहमीचा चाप साडेपाच पौंडांचा. भरलेल्या पिस्तुलाचे वजन मात्र किलोभरही नाही. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या आणि ९ वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनी वा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. सारा दोष चापाचा, असे मी म्हणणार नाही. तथापि जड चापाने नेम ढळतो ही तक्रार जुनीच होती, आणि २०२१ मध्ये त्या खात्याने नव्या भरतीसाठी हलका चाप स्वीकारला. सरावाची उणीव एका स्प्रिंगने भरून काढू पाहणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हे प्रकरण अभ्यासावे.

मग कारखान्यातून आलेले ते सर्व निर्दोष काय? तसेही नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सावर पी-३२०ची आवृत्ती निवडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात पडल्यास नागरी आवृत्तीतून गोळी सुटू शकते हे पुढे आल्यावर, कंपनीला चाप व अन्य भाग बदलून देण्याची योजना जाहीर करावी लागली. फरक एवढाच की, तेथे बदलाची चाचणी आणि जबाबदारी निर्मात्याची होती. शस्त्रागारात बाजारातले सुटे भाग बसवले, तर उत्तरदायी कोण?

जुनी पिस्तुले बदलूच नयेत, असा याचा अर्थ नाही. झिजलेल्या स्प्रिंगा आणि बारीक माशा घेऊन शिपायाने जीव धोक्यात का घालावा? परंतु पिस्तुलाच्या मंजुरीतच सरावाची काडतुसे, सुटी मॅगझिने, आर्मररचे प्रशिक्षण आणि मैदानावर जाण्यासाठी ड्युटीतून सुटका यांची तरतूद झाली पाहिजे. ती होत नाही, कारण नव्या पिस्तुलासोबत छायाचित्र निघते. सरावात उडालेल्या काडतुसाचे उद्घाटन करता येत नाही!

राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्यांचा विषय आहे. म्हणून इंदूर, बडोदा, बंगळूर, जेथे कोठे आपण असाल, तेथल्या आमदाराला एकच प्रश्न विचारा. पोलिसांकडे कोणते पिस्तूल आहे, हा नव्हे. आपल्या ठाण्यातल्या शिपायाने गेल्या वर्षी सरावात किती गोळ्या झाडल्या, हा! गर्दीच्या बाजारात तो नेम धरील, तेव्हा त्याच्या समोर आपणच उभे असू.