बल्ब सगळ्यात शेवटी

गॅरेजमध्ये येणाऱ्या गाडीचा हेडलाइट हल्ली कोरा नसतो. मालकाने आधीच काहीतरी करून पाहिलेलं असतं. कुणी टूथपेस्ट लावून काच घासलेली असते, कुणी ऑनलाइन मागवलेल्या किटमधले पेपर मारून ती पांढरीफटक करून ठेवलेली असते. कुणी खोक्यावर 'दोनशे वॅट' छापलेला एलईडी बल्ब घरीच बसवलेला असतो आणि तो मावावा म्हणून मागचं रबरी बूट कात्रीने कापलेलं असतं. मग "जरा बघा ना, उजेडच पडत नाही" म्हणत स्वारी आपल्या दारात. अशा गिऱ्हाइकाला हसणं सोपं असतं. आपल्यातले पुष्कळजण हसतात आणि त्याचा बल्ब काढून त्याहून मोठा बसवून देतात. घरी काम करणारा मालक आणि त्याला हसणारा मिस्त्री, दोघंही उजेड बल्बात शोधतात. तो तिथे सगळ्यात शेवटी शोधायचा असतो, हे या महिन्याचं म्हणणं.

आधी काच. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या दिव्यांना खरी काच होती. दगड बसला तर तडकायची, पण वर्षानुवर्षं उन्हात उभी राहूनही पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांवर असतं ते पॉलिकार्बोनेट. वजनाला हलकं, धक्का सोसणारं, साच्यात हवा तो आकार घेणारं. त्याची दुखणी दोन. ओरखडा लगेच पडतो आणि ऊन सोसत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ, कडक लेप चढवलेला असतो. ऊन, धूळ आणि वॉशिंग सेंटरवरची जहाल केमिकल्स यांनी हा लेप झिजला की अतिनील किरण थेट प्लॅस्टिकपर्यंत पोचतात आणि पिवळेपणा सुरू होतो. नीट पाहिलंत तर वरचा भाग आधी जातो, कारण ऊन वरून पडतं. सोसायटीत रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा जास्त पिवळा का, याचं उत्तर पार्किंगची दिशा विचारली की बहुतेक वेळा मिळतं.

अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली धुरकट झालेल्या दिव्यांची मोजणी केली, तेव्हा डिपरचा उजेड नव्या दिव्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर आलेला आढळला. काच घासून उजळल्यावर त्यातला बराच परत मिळाला, नव्याची बरोबरी मात्र झाली नाही. आता हिशेब करा. हरवलेले चार हिस्से भरून काढील असा बल्ब बाजारात नाही. असलाच तरी धुरकट काचेतून त्याचा उजेड पुढे न जाता चहूकडे फाकणार, आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणार.

घासण्याचं काम घरी होऊ शकतं, हे मान्य करायला हरकत नाही. हातात चिकाटी हवी आणि भरपूर पाणी. भोवती मास्किंग टेप लावून आठशेच्या पाणी-पेपरने सुरुवात केली की पहिल्या काही मिनिटांत पिवळसर दुधासारखं पाणी ओघळतं. तो जुना लेप. पाणी पांढरं येऊ लागेपर्यंत आणि सगळी काच एकसारखी धुरकट दिसेपर्यंत थांबायचं नसतं. घरचं काम फसतं ते इथेच. मधेमधे जुन्या लेपाची बेटं राहतात, वरून कोट मारला की त्यांच्या कडा नकाशासारख्या उमटतात, आणि मग सगळं पहिल्यापासून. आठशेनंतर हजार, मग पंधराशे, आणि दर पेपरला घासण्याची दिशा बदलायची म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे राहिले की लगेच दिसतात.

पुढचा भाग गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. घासल्यावर काच उघडी पडलेली असते. कारखान्याचा उरलासुरला लेपही गेलेला असतो. अशा काचेला नुसतं कंपाऊंड आणि बफ मारून गाडी दिली तर त्या दिवशी ती नव्यासारखी चमकते, फोटोही छान येतो, आणि काही महिन्यांत ती आधीपेक्षा वाईट होते. टूथपेस्टचंही तेच. तिच्यातली बारीक पूड घासते, पण संरक्षण काडीचं नाही. कोट नसेल तर रिस्टोरेशन झालंच नाही, असं मी म्हणेन.

कोटाबद्दल दोन गोष्टी आपल्याच लोकांसाठी. हार्डनरवाला क्लिअर मारायचा असेल तर काच आधी बफ करून चकचकीत करू नका. पंधराशेवर थांबा. बारीक ओरखडे क्लिअर भरून काढतो आणि त्यांच्यामुळेच तो धरूनही राहतो. पुसायला पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. पॉलिकार्बोनेटला ते चढतं आणि काचेच्या पोटात बारीक तडे जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. पहिला हात अगदी हलका, धुरासारखा मारायचा, कारण एकदम ओला हात दिला तर क्लिअरमधला थिनरही तेच करतो. या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची वाफ छातीत जाऊन दमा जडलेले पेंटर जगभर आहेत. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, त्यासाठीचा फिल्टरचा मास्क लागतो. किट मागवून बाल्कनीत स्प्रे मारणाऱ्या मालकाला तर हे आवर्जून सांगा. घासणं त्याने करावं, कोट आपल्याकडे करून घ्यावा.

आतून धुरकटलेल्या दिव्याला बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही. ब्रीदरची नळी बुजली आहे का, मागचं बूट शाबूत आहे का, ते आधी पाहा. रिफ्लेक्टरचा मुलामा ॲल्युमिनियमचा आणि अतिशय पातळ असतो. मऊ फडकं फिरवलं तरी निघून येतो. तो काळवंडला असेल तर गिऱ्हाइकाला सरळ नवा दिवा घ्यायला सांगावं.

काचेनंतर करंट. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं घसरलं तरी उजेड पुष्कळ घसरतो. ढोबळ हिशेब धरा, १३.२ व्होल्टला जो उजेड मिळतो त्यातला जवळजवळ पाव भाग एक व्होल्ट कमी झाला की गेला. इंजिन चालू, डिपर चालू, कपलर जोडलेलाच, आणि मल्टिमीटरच्या पिना मागून होल्डरच्या टोकांना लावून मोजा. मग बॅटरीवर मोजा. बॅटरीवर चौदा आणि होल्डरवर बारा-सव्वाबारा दिसलं तर रोग सापडला. कपलर काढून रिकाम्या वायरवर मोजणाऱ्याला मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लोड नसताना ड्रॉप दिसणार कुठून? पुष्कळदा दोष अर्थिंगचा निघतो, कोकणातल्या गाड्यांमध्ये तर हमखास. खाऱ्या हवेने अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो, तो घासून आवळला की गिऱ्हाईक विचारतं, "बल्ब कुठला टाकलात?" जुन्या गाड्यांत सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. तिथे रिले, फ्यूज आणि बॅटरीवरून थेट जाडी वायर टाकणं हे खरं अपग्रेड. खर्च फार नाही, पण काम स्वच्छ हवं. जॉइंट पिळून टेप गुंडाळण्याचा उद्योग नको.

आता बल्ब. एच-४ हा बल्ब अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट घेतो. '९०/१००' वाले बल्ब रस्त्यासाठी नाहीत. मूळ वायरिंगला आणि होल्डरला ते झेपत नाहीत, वितळलेले होल्डर आपण सगळ्यांनी काढलेले आहेत, आणि त्या उष्णतेने रिफ्लेक्टरही करपतो. बल्बात डोकावून पाहायची गोष्ट वेगळीच आहे. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा वरचा अर्धाच भाग काम करतो आणि समोर वरची कड कापल्यासारखी दिसते. सगळा रिफ्लेक्टर त्या बारक्या तारेच्या जागेवर, अगदी मिलिमीटरच्या हिशेबाने बेतलेला असतो. तिथे दोन सपाट बाजूंवर चिप चिकटवलेला एलईडी बल्ब घातला की उजेडाचा उगम हलतो, कड फाटते. गाडीच्या पुढ्यातला रस्ता पांढराशुभ्र दिसतो, मालक खूष. दूरचा खड्डा मात्र पूर्वीपेक्षा उशिरा दिसतो, कारण जवळच्या झगमगाटाने त्याचेच डोळे लहान झालेले असतात. समोरून येणाऱ्याचं तर विचारूच नका. आंबोलीच्या धुक्यात हा पांढरा उजेड भिंत होऊन परत येतो.

जर्मनीत २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका कंपनीच्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, तीही सरसकट नव्हे. कुठल्या गाडीच्या कुठल्या दिव्यात तो चालेल याची यादी जोडून. प्रत्येक रिफ्लेक्टर वेगळा, हे तिथल्या सरकारी खात्याने कागदावर मान्य केलं. आपल्याकडे मात्र 'सर्व गाड्यांना चालतो' असं खोक्यावर छापलेलं पुरतं.

परदेशातून मागवलेले पूर्ण दिवे हाही नवा प्रकार आहे. डिपरची कड रस्त्याच्या आपल्या बाजूला, म्हणजे इथे डावीकडे, वर चढते. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशातला दिवा लावला तर ती उजवीकडे चढते, थेट समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. फोकस कितीही फिरवा, हे सुधारत नाही. युरोपीय नियमांच्या दिव्यावर खूण असते. दिव्याकडे तोंड करून उभे राहिलात तर उजवीकडे दाखवणारा बाण डाव्या वाहतुकीचा. दोन्हीकडचा बाण असेल तर दोन्हीला चालणारा. बाणच नसेल तर परत पाठवा.

कायदाही आपल्याच बाजूने बोलतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला असावा, आणि आठ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासत, त्याचा हेतूही हाच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. विम्याच्या दाव्याच्या वेळी सर्व्हेअरला होल्डरमध्ये काय दिसेल, हा प्रश्न गिऱ्हाइकाला एकदा विचारून पाहा. पुष्कळांचा उत्साह तिथेच उतरतो.

राहिला फोकस. काच उजळली, व्होल्टेज आलं, आणि फोकस न तपासता गाडी दिली तर आपण रस्त्यावर एक जास्त धोकादायक दिवा सोडला. यंत्र नसलं तरी भिंत आहे. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हरच्या जागी माणूस, लेव्हलरचं बटण शून्यावर. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर मांडायची आणि दहा मीटरवरून डिपरची कड तिच्या दहा सेंटिमीटर खाली आणायची. दिव्याच्या वर १.३ टक्के असं छापलं असेल तर तेरा सेंटिमीटर. गाळा लहान असेल तर पाच मीटरवर निम्मं. एवढं काम आपण फुकटात करतो, किंवा करतच नाही. एलईडीच्या जोडीत मिळणारा नफा सोडायचा तर काच, कोट, वायरिंग आणि फोकस यांचे दर लावायलाच हवेत, आणि ते मागायला लाजायचं कारण नाही.

गळीत हंगाम तोंडावर आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतील. समोरच्याच्या दिव्याने डोळे दिपलेल्या ड्रायव्हरला ती ट्रॉली दिसत नाही, ती लागते तेव्हाच कळते. हंगाम सुरू व्हायच्या आत आपापल्या भिंतीवर फोकसची रेघ मारून घ्या आणि बिलात फोकसची ओळ वेगळी लिहायला लागा.