पावती फाडली म्हणजे परवानगी मिळाली?

मे महिन्याचा दुसरा आठवडा उलटला की शहरातल्या मोबाइलांवर काजवे उगवायला लागतात. काळोख, हिरव्या ठिपक्यांनी लगडलेलं झाड (हा फोटो बहुतेक वेळा अनेक फोटो एकावर एक रचून केलेला असतो, ते सोडा), खाली मोठ्या अक्षरांत ‘काजवा महोत्सव, भंडारदरा’. एका रात्रीचे माणशी हजार-दीड हजार रुपये, त्यात बस, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे. जेवण शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही मिळेल, हे ठळक टायपात. सगळ्यात शेवटी एक मोबाइल नंबर. हा सोहळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात होणार आहे, एवढंच तेवढं जाहिरातीत नसतं. ते लिहिलं की पुढचा प्रश्न येणार: परवानगी कोणाची काढली?

प्रश्न विचारलाच, तर आयोजकाचं उत्तर ठरलेलं असतं. ‘नाक्यावर पावती फाडतो ना आपण, काही टेन्शन नाही.’

टेन्शन नेमकं तिथेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७ वं कलम सांगतं की अभयारण्यात कोणालाही आपलं आपण शिरता येत नाही. कामावरचा सरकारी नोकर, आत राहणारी किंवा आत जमीन असलेली माणसं, त्यांचं कुटुंब आणि सार्वजनिक रस्त्याने नुसते पार होणारे, एवढ्यांनाच मोकळीक आहे. बाकी सगळ्यांना परवाना लागतो. तो कशासाठी द्यायचा, हे पुढच्या कलमात आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्याशी असलेला कायदेशीर व्यवहार. २०२२ च्या दुरुस्तीने छायाचित्रणाच्या जोडीला चित्रीकरण आलं, तेही अधिवासाला धक्का न लावण्याच्या अटीवर. परवाना देणारे मुख्य वन्यजीव रक्षक. अटी घालायचा आणि शुल्क घ्यायचा अधिकार त्यांच्याकडे.

या यादीत महोत्सव कुठे बसतो? कुठेच नाही. दोन माणसांनी दुर्बीण घेऊन जाणं आणि चार बसगाड्या भरून दोनशे माणसं उतरवणं, दोन्ही ‘पर्यटन’ याच एका खणात कोंबलेलं आहे. त्यामुळे नाक्यावर दोघांनाही सारखाच कागद मिळतो. राज्यातल्या कुठल्याही वननाक्यावर शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ उभे राहून बघा. आडवा बांबू, खुर्चीवर गावच्या समितीचा एखादा मुलगा, मांडीवर पावतीपुस्तक, तोंडात बॅटरी. गाडीचे इतके, माणशी इतके, कॅमेऱ्याचे वेगळे. मागे हॉर्न वाजत असतात. बसमध्ये माणसं किती, हे तो चालकाला विचारतो आणि चालक सांगेल तो आकडा लिहितो. बांबू वर जातो. यांना आणलं कोणी, कोणाला काही झालं तर जबाबदार कोण, आधी किती बस आत गेल्या, हे त्या पावतीवर कुठेच नसतं. त्या मुलाचा यात काडीचा दोष नाही. त्याला पैसे गोळा करायला बसवलंय, माणसं मोजायला नाही.

काजव्यांच्या बाबतीत हा हिशेब विशेष महाग पडतो. लुकलुकणं हा काजव्यांचा जोडीदार शोधण्याचा उद्योग आहे. नर उडता उडता प्रकाश देतो, मादी गवतावर किंवा झुडपावर बसून त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याचं आयुष्य थोड्या दिवसांचं, फार तर थोड्या आठवड्यांचं. त्याआधीचा मोठा काळ तो अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पाचोळ्यात गोगलगाई खात काढतो. म्हणजे वळवाच्या पहिल्या सरींपासून पाऊस जोर धरेपर्यंतच्या मोजक्या रात्रींत पुढच्या वर्षीची पिढी ठरते. त्याच रात्री हिरडा-बेहडा-सादड्याखाली हेडलाइट चालू ठेवून गाड्या उभ्या राहतात, ‘दिसत नाही रे’ म्हणत मोबाइलच्या विजेऱ्या पेटतात, आणि झाडाजवळून फोटो हवा म्हणून माणसं गवत तुडवत आत शिरतात. त्या गवतात माद्या असतात, मातीत अळ्या. हे सगळे पावती फाडूनच आत आलेले असतात.

हाच कीटक बघायला अमेरिकेत टेनेसी राज्यात लोक जातात. ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाची जागा आहे. तिथले काजवे एकदम, ताल धरल्यासारखे लुकलुकतात. त्या हंगामाच्या रात्रींसाठी उद्यान सोडत काढतं. २०२४ मध्ये आठ रात्री होत्या आणि रात्रीला १२० गाड्या, म्हणजे सगळ्या हंगामात ९६० पास. ज्याचं नाव निघालं तो गेला, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी बघावं. विजेरीला लाल कागद लावा, ती जमिनीकडे धरा, वाट सोडू नका, काजवे पकडू नका, अशा सूचना. मला यातली सोडत महत्त्वाची वाटत नाही, सोडतीत आपल्याकडे काय काय होतं ते म्हाडामुळे ठाऊक आहे. महत्त्वाचं हे की तिथे आकडा आधी ठरला आणि तिकीट नंतर छापलं.

आकडा आधी ठरवणं आपल्याला जमत नाही असंही नाही. ताडोब्यात एका फेरीला किती जिप्सी सोडायच्या ते ठरलेलं आहे आणि कितीही मोठा माणूस आला तरी जास्तीची जिप्सी निघू नये, असा नियम आहे (नियम म्हणतोय मी). साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, आणि तिथला कारभार कास, एकीव, आटाळी, कासाणी या भोवतालच्या गावांच्या समित्या बघतात. गर्दीच्या रविवारी तिथेही बोंब असते. पण ‘किती’ हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला. शेजारच्या कर्नाटकने २०२४ च्या जानेवारीत कुमार पर्वतावर हजारो लोक एकाच वेळी चढलेले पाहिले, आणि मग जंगलातल्या ट्रेकवर दिवसाला तीनशेची मर्यादा आणून सगळी नोंदणी एका संकेतस्थळावर नेली. तामिळनाडूला त्याआधीच फार मोठी किंमत मोजावी लागली होती. मार्च २०१८ मध्ये तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर गेले. वनखात्याचं म्हणणं असं होतं की मंजुरी वेगळ्या वाटेची होती आणि माणसं गेली भलतीकडे. त्याच वर्षी तिथे ट्रेकिंगचे स्वतंत्र नियम आले. २०२४ च्या ऑक्टोबरपासून चाळीस वाटा ठरवून, ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक आदिवासी वाटाड्यांसह तिथलं सरकारच ट्रेक घडवून आणतं.

आपल्याकडेही कागद कमी नाहीत. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे उपक्रम भरवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. प्रशिक्षित लीडर, प्रथमोपचार, विमा, सगळं त्यात आहे. वनखात्याचा परवाना वेगळा. धरणाच्या पाण्याकाठची जमीन जलसंपदा खात्याची, तिथे तंबू ठोकायचे तर तो दरवाजा वेगळा. स्पीकर लावायचा तर पोलीस. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी एका रात्रीचा ‘इव्हेंट’ सगळे नियम पाळून करायचा म्हटलं तर माणूस अकोले, राजूर, नाशिक, मुंबई अशा चकरा मारून काजव्यांचा हंगाम संपल्यावर मोकळा होईल. आणि एवढं करून नाक्यावर पोहोचल्यावर त्याच्या हातातला कागद कोणी बघत नाही, कारण तिथे फक्त पावती चालते.

याचा परिणाम उलटा होतो. पुण्या-मुंबईत अशा जुन्या गिर्यारोहण संस्था आहेत ज्या चाळीस जणांच्या सहलीसाठीही अर्ज करतात, उत्तराची वाट बघतात, उत्तर आलं नाही तर कार्यक्रम रद्द करतात. दुसरीकडे एक इन्स्टाग्राम खातं आणि भाड्याच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर एवढ्या भांडवलावर कोणीही आयोजक होतो. त्याला ना नोंदणी, ना विमा, ना पत्ता. अपघात झाला की खातं बंद, दुसऱ्या नावाने सुरू. नियम पाळणारा सहा खिडक्या फिरतो आणि न पाळणारा सरळ आत जातो, असा हा कारभार आहे. मग पहिल्यालाही एक दिवस वाटतं की आपणच कशाला वेडे व्हायचं.

आणि नियमाचा बडगा उगारला जातो तो कुठे, तर कॅमेऱ्यावर. भिंग जरा लांब दिसलं किंवा तिपाई उघडली की पहारेकरी धावत येतो: ‘प्रोफेशनल आहे का? शूटिंगची परमिशन दाखवा.’ एकटा माणूस पाणवठ्यावर तास-तास हलत नाही, त्याला नियम. शेजारी पन्नास मोबाइल फ्लॅश मारतायत, ते ‘पर्यटक’. अमेरिकेतही हीच तऱ्हा होती. चित्रीकरण व्यावसायिक असेल तर परवाना आणि शुल्क, नसेल तर नाही, यावरून तिथे एका स्वतंत्र चित्रपटकाराचा वाद कोर्टात गेला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांपुरता प्रश्नच बदलला. आठपर्यंत माणसं, हातात मावेल असं सामान, सर्वांना खुली असलेली जागा, कोणाची वाट अडत नाही, कशाचं नुकसान नाही, तर परवाना नको. फिल्ममधून पैसे कमावता की नाही, याच्याशी देणं-घेणं नाही. जमिनीवर भार किती पडतो तेवढं बघायचं.

पण भार वाढला की तीच मंडळी कडक होतात. तिथल्या स्टेट पार्कमध्ये मराठी मंडळाची उन्हाळी सहल न्यायची म्हटली की कार्यकारिणीतल्या कोणा एकाच्या कपाळावर आठ्या पडतात. झाडाखालची शेड आधी आरक्षित करा. मोठा समूह, स्टॉल, स्पीकर किंवा तिकीट असेल तर बहुतेक राज्यांत विशेष परवाना काढा. विम्याचा दाखला जोडा, त्यात पार्कचंही नाव हवं. राष्ट्रीय उद्यानात पैसे घेऊन लोकांना फिरवायचं असेल तर व्यावसायिक वापराचा वेगळा परवाना असतो, आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा. तिकडचे आपले लोक फोनवर या कटकटीबद्दल कुरकुर करतात. करू देत. वडापावच्या स्टॉलला जबाबदार कोण, हे त्या पार्कला माहीत असतं.

आता खरी हरकत. ‘तुम्ही शहरात बसून मर्यादा घालणार आणि आमच्या पोरांचा हंगाम बुडणार,’ असं घाटघर, साम्रद, रतनवाडीतला कोणी म्हणाला तर त्याला गप्प बसवायची माझी तयारी नाही. अभयारण्य झालं १९८६ मध्ये, ही महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची गावं त्याच्या कितीतरी आधीची. जंगलाच्या नावाखाली निर्बंध त्यांनी सोसले, आणि आता कुठे घराच्या ओसरीवर चार पाहुणे झोपवून, पिठलं-भाकरी घालून पैसा दिसायला लागला आहे. परवाना जड केला की शहरातली मोठी कंपनी वकील लावून तो मिळवेल आणि गावातला मुलगा बाहेर पडेल, ही भीती पोकळ नाही. मात्र आज काय चाललं आहे तेही बघा. बस शहराची, आचारी शहरातला, तंबू शहरातल्याचे. गावाच्या वाट्याला नाक्यावरची पावती आणि सोमवारी सकाळी वेचायला बाटल्या. माणसं बेहिशेबी येतात म्हणून गावाचा भावही बेहिशेबीच ठरतो. आकडा बांधला की गावाला दर सांगता येतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सात-आठ जणांच्या टोळक्याला, दोन कुटुंबांना नाक्यावरची पावती पुरे. त्यांना अर्ज-बिर्ज करायला लावू नका. जो पैसे घेऊन माणसं आणतो त्याला एकाच ठिकाणी एक अर्ज असावा. पर्यटन नोंदणीचा क्रमांक, विमा, कुठल्या गावात मुक्काम, किती माणसं, कोणती रात्र एवढंच त्यात. उत्तर आठवड्याच्या आत यावं, आणि मंजूर यादी नाक्यावरच्या त्या मुलाच्या हातात असावी. रात्रीचा एकूण आकडा वनखातं आणि गाव मिळून ठरवतील, पहिला वाटा गावातल्या घरांचा. राहिला ‘महोत्सव’. सरकारी पर्यटन महामंडळानेही काजवा महोत्सवाची जाहिरात केलेली आहे, तेव्हा एकट्या खासगी आयोजकांना झोडपण्यात अर्थ नाही. स्टेज, डीजे, शेकोटी यांना अभयारण्यात कोणीही, सरकारनेसुद्धा, परवानगी देऊ नये.

हे या हंगामाच्या आत होणार नाही. फाइल पावसाळ्यापूर्वी हलत नाही आणि पावसाळ्यानंतर काजवे कोणाला आठवत नाहीत. तोवर जे करायचं ते जाणाऱ्यांनी. येत्या शनिवार-रविवारच्या बसचे पैसे पाठवण्याआधी जाहिरातीतल्या त्या नंबरवर फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: पर्यटन संचालनालयाचा नोंदणी क्रमांक काय, आणि वनखात्याच्या मंजुरीवर किती माणसांचा आकडा आहे. ‘पावती फाडतो ना’ असं उत्तर आलं, तर पैसे पाठवू नका. गावातल्या एखाद्या घरी थेट फोन करा, चार जणांत जा, आणि गाडीचे दिवे वेळीच बंद करा.