संगणकातील अडगळ

घरचा संगणक 'जागा नाही' म्हणू लागला, की मुले हाती लागेल ते पुसतात. पण पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये पडून राहते. ते रिकामे केल्याशिवाय जागा सुटत नाही. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज असे जाऊन 'टेम्पररी फाईल्स' उघडा. तेथे 'डाउनलोड्स'समोर मात्र खूण करू नका. मुलांचे जातीचे दाखले, जात वैधता प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा तेथेच उतरवलेले असतात. ते आधी वेगळ्या फोल्डरमध्ये आणि पेनड्राईव्हवर ठेवा. मग जयंतीच्या मिरवणुकीचे दुबार व्हिडिओ खुशाल काढा. एका चुकीच्या खुणेपायी मुलीचा प्रवेश अडता कामा नये. अडगळ जावी, हक्काचा कागद राहावा!